नीरा कालव्यावर ओलिताचा नकाशा आखणारे विश्वेश्वरय्या

मोबाईलवर शेताची हद्द आखून तिच्यात पिकांचे पट्टे पाडण्याची सोय आता बऱ्याच शेती व्यवस्थापन ॲपमध्ये असते. बांधाने चालत जायचे, कोपरे टिपायचे, पिकाचे नाव टाकायचे, की नकाशा तयार होतो. मात्र यातल्या कोणत्या तुकड्याला ओलित द्यायचे, कोणत्याला द्यायचे नाही आणि यंदा उसाखाली असलेला तुकडा पुढच्या वर्षी कशाखाली जाणार, हे ॲप आपणहून सांगत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते.

सव्वाशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात हाच प्रश्न एका अख्ख्या कालव्यापुढे होता. त्याला उत्तर शोधणारे अभियंता म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. कृष्णराजसागर धरण आणि म्हैसूरची दिवाणगिरी यांमुळे त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. त्याआधीची त्यांची नोकरीची वर्षे मात्र बरीचशी महाराष्ट्रात गेली आणि सिंचनाखालील पिकांच्या नियोजनातले त्यांचे महत्त्वाचे काम नीरा कालव्यावर झाले. कालव्याच्या लाभक्षेत्रात आजही उच्चारला जाणारा ‘ब्लॉक’ हा शब्द त्या कामातूनच आला.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या गावी झाला. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरची स्थिती बेताची होती आणि वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना त्यांनी शिकवण्या करून खर्च भागवला आणि १८८१ मध्ये बी.ए. पूर्ण केले.

पुढे म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो तेच हे कॉलेज. १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. नेमणूक नाशिक विभागात होती आणि कामाचे क्षेत्र लवकरच खानदेशापर्यंत गेले.

पांझरेच्या काठी

धुळे जिल्ह्यातील दातर्ती गावाजवळ पांझरा नदीच्या प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम या तरुण अभियंत्याकडे आले. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. नदीला पूर येत होता आणि टाकलेले काम वाळूखाली जात होते. काम पावसाळ्यानंतर करावे, असे त्यांनी वरिष्ठांना सुचवले. ते वरिष्ठांना रुचले नाही, तेव्हा त्यांनी तेच काम पुरातून वाट काढत पूर्ण केले. नदीचा स्वभाव कागदावर कळत नाही, हा धडा त्यांना नोकरीच्या सुरुवातीलाच मिळाला.

पांझरेचा हा काठ सिंचनाच्या दृष्टीने साधा मुलूख नव्हता. पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून दगडी बंधारे आणि त्यांखाली फड पद्धत चालत आली होती. बंधाऱ्याखालचे ओलिताचे क्षेत्र तीन-चार फडांत विभागलेले असे. एका फडात त्या हंगामात एकच पीक. एक फड उसाचा असेल तर दुसऱ्यात भात, तिसऱ्यात ज्वारी किंवा गहू. दरवर्षी पीक पुढच्या फडात सरकत असे. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्याने उसाचा फायदा किंवा पाण्याची ओढ एकाच्याच वाट्याला येत नसे. पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागले असत. त्यांचा मोबदला गाव देत असे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला जाई.

पाणी विखरून न सोडता सलग तुकड्यात द्यायचे आणि त्या तुकड्यातले पीक दरवर्षी फिरवायचे, हे फडाचे दोन नियम आहेत. पुढे नीरा कालव्यावर जी रचना उभी राहिली, तिच्यात या दोन्ही गोष्टी ठळकपणे दिसतात.

खडकवासला आणि मुठा कालवा

मधल्या काळात विश्वेश्वरय्या सिंधमधील सक्कर येथे गेले. तेथे त्यांनी शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम केले. नंतर सुरतेतही पाणीपुरवठ्याची कामे पाहिली. १८९९ मध्ये पुणे जिल्ह्यातील सिंचनाचे कार्यकारी अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. खडकवासल्याचा तलाव, मुठा कालवे आणि नीरा कालवा ही सारी कामे त्यांच्याकडे आली.

खडकवासल्याच्या पाण्यावर पुणे शहर, लष्कराची छावणी आणि कालव्याखालचा शेतकरी असे तिघांचे हक्क होते. पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात मात्र ओढाताण होई. भिंत उंचावणे खर्चाचे होते. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवण्याची योजना आखली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढेपर्यंत दारे बंद राहत. पातळी ओलांडली की आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा बंद होत. तलावाची साठवण पातळी यामुळे सुमारे आठ फुटांनी वाढली. या दारांचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी कामातून सुचलेल्या वस्तूचे मानधन घेणे त्यांनी नाकारले. पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावरही अशी दारे बसली.

साठा वाढला तरी वाटपाचा प्रश्न शिल्लकच होता. मुठा कालव्यावरचे ऊस बागाईतदार मनाला येईल तेव्हा आणि तितके पाणी घेत. विश्वेश्वरय्यांनी पाळीने पाणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा शेतकरी नाराज झाले आणि पुण्यातल्या वृत्तपत्रांतूनही टीका झाली. शेतकऱ्याची भीती समजण्यासारखी होती. उन्हाळ्यात पाळी दोन-चार दिवस लांबली तर ऊस कोमेजतो आणि नुकसान सोसावे लागते ते त्याला, खात्याला नाही. पाण्याचा नियम चालवायचा तर पाळी चुकणार नाही याची हमी आधी द्यावी लागते, हे या विरोधातून पुढे आले. नीरा कालव्यासाठी आखलेल्या योजनेत या हमीला मोठे स्थान होते.

नीरा कालव्याचे दुखणे

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. त्याला भोर संस्थानातील भाटघर धरणाचे पाणी मिळत असे. वीर येथून निघून पुरंदर, बारामती आणि इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यातून तो सुमारे शंभर मैल जातो. हा कालवा मुळात दुष्काळावर इलाज म्हणून काढलेला होता.

अडचण अशी की दुष्काळ पडला की सगळे पाणी मागत आणि पाऊस बरा झाला की फारसे कोणी अर्ज करत नसे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मागणी एकदम वाढली. चांगल्या वर्षी मात्र कालवा भरून वाहत असूनही शेतकरी ज्वारी-बाजरीला पाणी द्यायला तयार नसे. पाणीपट्टी द्यायची, रान सपाट करायचे, खत वाढवायचे आणि नंतर पुढच्या वर्षी पाणी मिळेलच याची खात्री नाही, अशा स्थितीत कोण गुंतवणूक करणार?

दुसरीकडे उसाचे क्षेत्र कालव्याच्या वरच्या भागात जागोजागी विखुरलेले होते. चार एकर येथे, दोन एकर मैलभर पुढे. या तुकड्यांना वर्षभर पाणी द्यायचे म्हणजे चाऱ्या सतत वाहत्या ठेवायच्या. निम्मे पाणी पोहोचेपर्यंत जमिनीत मुरून जाई. टेलच्या गावांना पाणी पोहोचत नसे आणि हेडच्या गावांत भारी काळ्या जमिनींवर जास्त पाणी साचून त्या पाणथळ होऊ लागत. साचलेल्या पाण्याने हिवतापही वाढे.

१९०१ मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगाने देशभर पाहणी सुरू केली. मुंबई इलाख्यातल्या कालव्यांवर भांडवल भरपूर लागले आहे, पण उत्पन्न आणि भिजलेले क्षेत्र त्या मानाने फारच कमी, ही बाब आयोगापुढे आली. या चर्चेतून विश्वेश्वरय्यांनी आपली योजना मांडली. ती ब्लॉक पद्धत म्हणून ओळखली गेली आणि १९०३ च्या सुमारास नीरा कालव्यावर तिची अंमलबजावणी सुरू झाली.

ब्लॉक म्हणजे नेमके काय

योजनेत तीन गोष्टी होत्या.

पहिली, कालव्याचा लाभ जास्तीत जास्त गावांत पसरवायचा. वरच्या चार गावांनी सगळे पाणी घ्यायचे, हे थांबवायचे.

दुसरी, प्रत्येक गावात ओलित विखरू द्यायचे नाही. योग्य जमीन निवडून सलग ब्लॉक पाडायचे आणि कालव्याचे पाणी त्या ब्लॉकपुरते ठेवायचे. निवड करताना जमिनीचा पोत, निचरा आणि चारीपासूनची सोय पाहायची. शेजारी ओढा-नाला असेल, जास्तीचे पाणी निघून जाऊ शकेल, अशी जागा चांगली. भारी काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी सखल जमीन बारमाही ओलितासाठी धोक्याची.

तिसरी, ब्लॉकमध्ये तीन वर्षांची फेरपालट. साधारण एक तृतीयांश क्षेत्र उसासारख्या बारमाही पिकाखाली आणि उरलेले दोन तृतीयांश हंगामी पिकांखाली. पुढच्या वर्षी ऊस दुसऱ्या तृतीयांशात जायचा. त्यामुळे जमिनीच्या एकाच तुकड्यावर वर्षानुवर्षे जास्त पाणी पडत नाही आणि हंगामी पिकांच्या काळात तिला सुकायला वेळ मिळतो.

याच्या बदल्यात शेतकऱ्याला पाण्याची मंजुरी एका हंगामापुरती न मिळता सहा वर्षांसाठी मिळू लागली. या हमीमुळे योजनेला पाय फुटले.

नकाशाच्या दृष्टीने पाहिले तर विश्वेश्वरय्यांच्या हाती एक तयार पाया होता. जॉर्ज विंगेट आणि हेन्री गोल्डस्मिड यांनी १८३०च्या दशकात नव्या जमाबंदीची मोजणी याच इंदापूर तालुक्यापासून सुरू केली होती. गावोगाव सर्व्हे नंबर पडले होते आणि जमिनींची प्रतवारी झाली होती. पण ती मोजणी सारा ठरवण्यासाठी होती. कोणाची जमीन किती आणि तिच्यावर आकार किती, एवढे तिच्यातून कळे. पाणी कोठे द्यावे हा प्रश्न वेगळा होता. मालकीच्या हद्दीवर ओलिताची वेगळी हद्द आखावी लागते, हे ब्लॉक पद्धतीने प्रत्यक्षात आणले. एकाच शेतकऱ्याचा अर्धा सर्व्हे नंबर ब्लॉकमध्ये आणि अर्धा बाहेर राहू शकत होता.

काय मिळाले, काय सोडावे लागले

पाण्याची सहा वर्षांची खात्री मिळाल्यावर ऊस लावणे परवडू लागले. उसासाठी शेणखत, पेंड, बैल, चरक आणि गुऱ्हाळ असा मोठा खर्च लागतो आणि पैसा वर्ष-सव्वा वर्षाने हाती येतो. एका हंगामाच्या मंजुरीवर एवढी जोखीम घेणे शक्य नव्हते. सासवड परिसरातील माळी समाजातले अनुभवी ऊस बागाईतदार नीरेच्या पट्ट्यात आले, त्यांनी जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवला. त्यांच्याच पुढच्या पिढीने १९३०च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. बारामती-इंदापूरच्या आजच्या ऊस अर्थकारणाची मुळे शोधत गेलो तर या मंजुरीपर्यंत पोहोचता येते.

ब्लॉकमध्ये गेलेल्या शेतकऱ्याला काही गोष्टी सोडाव्या लागल्या. मनाला येईल ते पीक मनाला येईल त्या तुकड्यात घेण्याची मुभा गेली. ब्लॉकच्या रेषेबाहेर राहिलेल्याला कालवा दिसत असूनही पाणी मिळेना. रेषा कोठे पडते यावर घराचे भवितव्य ठरू लागले. अशा वेळी कोणाच्या बाजूने रेषा सरकली, हा संशय गावात येणारच. म्हणून जमीन आणि निचरा हे निकष उघड असणे महत्त्वाचे होते. रेषा का पडली हे शेतकऱ्याला पाहता आले पाहिजे.

म्हैसूरमध्ये पुढचा प्रयोग

१९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडल्यानंतर विश्वेश्वरय्या हैदराबादला गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुसी नदीच्या महापुराने शहराची मोठी हानी केली होती. पूर अडवण्यासाठी शहराच्या वरच्या बाजूला तलाव बांधण्याची योजना त्यांनी दिली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातून झाले.

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवर कन्नंबाडी येथे कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानाचे दिवाण होते. हेब्बाळचे कृषी विद्यालय आणि बँक ऑफ म्हैसूर या संस्था त्यांच्या दिवाणगिरीच्या काळात, १९१३ मध्ये सुरू झाल्या.

कृष्णराजसागराच्या कालव्याखाली, मंड्या परिसरात, त्यांनी नीरेवरची कल्पना पुन्हा वापरली. लाभक्षेत्रात ब्लॉक पाडले गेले आणि एक तृतीयांश भात, एक तृतीयांश ऊस आणि एक तृतीयांश कमी पाण्याची पिके असा आराखडा धरला गेला. १९३३ मध्ये मंड्याचा साखर कारखाना सुरू झाला. सुरुवातीला आयर्विन कालवा म्हणून ओळखला जाणारा हा कालवा आज विश्वेश्वरय्या कालवा आहे.

दिवाणपद सोडल्यानंतरही ते थांबले नाहीत. १९३४ मध्ये त्यांनी भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. पूर आणि पुलांच्या प्रश्नांवर सरकारे नव्वदीनंतरही त्यांचा सल्ला घेत होती. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. वयाची शंभरी ओलांडल्यावर एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

फेरपालट सुटली आणि जमीन बिघडली

विश्वेश्वरय्यांचे चरित्र येथे संपवले तर शेतकऱ्याच्या कामाचा भाग राहून जाईल. नीरेवर ब्लॉक पडले, ऊस वाढला, कालव्याचे उत्पन्न वाढले. पण ऊस एक तृतीयांशातच ठेवायचा आणि दरवर्षी जागा बदलायची, हा नियम तसाच टिकला नाही. उसाचा भाव चांगला असला की खोडव्यावर खोडवा घेतला जातो. तोच तुकडा बारमाही भिजत राहतो. चारीतून झिरपणारे आणि शेतात जास्त दिलेले पाणी खाली साचते, भूजल मुळांपर्यंत वर येते, वरचे पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. आधी जमीन पाणथळ होते, मग खारवट. सोडियमचे प्रमाण वाढले की चोपण होते आणि पाणी मुरेनासे होते.

दख्खनच्या कालव्यांवर ही हानी काही दशकांतच दिसू लागली. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये सिंचनाच्या प्रश्नांसाठी खास विभाग सुरू केला. त्यातूनच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. क्लॉड इंग्लिस यांनी कालव्याखालच्या पाणथळ आणि खारवट जमिनी आणि निचऱ्याचे चर यांवर काम केले. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याच दशकात नीरा उजव्या व प्रवरा कालव्याखालच्या जमिनींचे सर्वेक्षण आणि वर्गीकरण झाले. ब्लॉक आखताना जमिनीकडे पाहायचे हे ठरले होते, पण जमिनीची पुरती तपासणी कालवे वाहू लागल्यावर अनेक वर्षांनी झाली. आपण हा क्रम उलटा ठेवू शकतो.

आपल्या शेताचा नकाशा आखताना

कालव्यावरचे काम आणि पाच-दहा एकरांचे शेत यांची बरोबरी होत नाही. तरी ब्लॉक पद्धतीतून घेण्यासारख्या काही गोष्टी आहेत. त्या कोणत्याही ॲपमध्ये किंवा साध्या वहीतही करता येतात.

* हद्द आणि ओलिताचा पट्टा वेगळे ठेवा. आधी गटाची बाहेरची हद्द आखा. तिच्या आत ओलिताचे पट्टे स्वतंत्रपणे आखा. एक व्हॉल्व्ह किंवा एक चारी जेवढे क्षेत्र भिजवते, तेवढा एक पट्टा. विहीर, घर, खळे, बांध आणि पडीक कोपरा पट्ट्यातून वगळा, नाहीतर खत आणि पाण्याचा एकरी हिशेब चुकतो.

* मोबाईलच्या मापावर पूर्ण भरवसा ठेवू नका. मोबाईलचे स्थान काही मीटर इकडे-तिकडे दाखवू शकते. वीस गुंठ्यांच्या चौरस तुकड्याची बाजू सुमारे ४५ मीटर असते. एका बाजूची रेषा तीन मीटर सरकली तर जवळपास सव्वा गुंठ्याचा फरक पडतो. चारही बाजू बाहेर सरकल्या तर साडेपाच गुंठ्यांहून जास्त. लहान तुकड्यात कोपऱ्यावर थोडे थांबून बिंदू घ्या, टेपने एक बाजू मोजून पडताळा आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहा. हा नकाशा शेतीच्या नियोजनासाठी आहे. हद्दीच्या वादात सरकारी मोजणीच ग्राह्य धरली जाते.

* पट्टा जमिनीनुसार पाडा. सरळ रेषेत समान तुकडे पाडले तर नकाशा देखणा दिसतो, पण एकाच तुकड्यात मुरमाड आणि भारी जमीन येते. दोन्हींना एकाच पाळीने पाणी दिले तर एकीकडे पीक सुकते आणि दुसरीकडे मुळे गुदमरतात. दोन-चार ठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली पाहा, पावसानंतर पाणी कोठे साचते ते टिपा आणि मग रेषा आखा. माती परीक्षणाचा नमुनाही प्रत्येक पट्ट्याचा वेगळा घ्या.

* निचऱ्याची वाट दाखवा. ओढा, नाला, चर आणि शेताचा उतार नकाशावर असलाच पाहिजे. पांढरे क्षार दिसणारा किंवा उगवण विरळ असलेला तुकडा वेगळ्या रंगाने दाखवा आणि दरवर्षी त्याची कड कोठपर्यंत आली ते नोंदवा. ती कड पुढे सरकत असेल तर पिकाच्या आधी निचऱ्याकडे बघायला हवे.

* क्षेत्र पाण्यावरून ठरवा. समजा सहा एकर बागायत आहे, पण एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी दोन एकरांनाच पुरते. मग बारमाही पीक दोन एकरच. उरलेले चार एकर खरीप-रब्बीच्या पिकांसाठी. पाण्याचा हिशेब सर्वात कोरड्या महिन्याचा धरायचा, दिवाळीत भरलेल्या विहिरीचा नाही.

* पट्ट्याला कायम नाव द्या. पिकाच्या नावाने पट्टा ओळखू नका. ‘उसाचा प्लॉट’ म्हटले की तो मनातही कायमचा उसाचाच होतो. पट्टा एक, दोन, तीन अशी नावे ठेवा आणि प्रत्येकाखाली सालवार पीक लिहा. तीन-चार वर्षांच्या नोंदी समोर आल्या की फेरपालट झाली की नाही हे लगेच दिसते. बहुतेक ॲपमध्ये हंगामानुसार पीक बदलून जुनी नोंद ठेवण्याची सोय असते. नवीन हंगामात जुना पट्टा पुसून नवा आखू नका.

विस्तार कार्यकर्त्यांना एक सूचना. गटाचा किंवा पाणी वापर संस्थेचा नकाशा करत असाल तर रेषा आखताना शेतकऱ्याला शेतात उभे करा. मातीचा खड्डा त्याच्यासमोर घ्या. कार्यालयात आखलेली रेषा बरोबर असली तरी बांधावर तिच्यावर विश्वास बसत नाही. टेलकडच्या शेतकऱ्याचा तुकडा आधी आखावा, म्हणजे पाण्याची खरी मर्यादा सुरुवातीलाच समोर येते.

विश्वेश्वरय्यांकडे उपग्रहाचे छायाचित्र नव्हते. गावचे नकाशे, कालव्याच्या नोंदी आणि घोड्यावरून केलेली पाहणी एवढ्यावर त्यांनी शंभर मैल कालव्याचे ओलित मांडले. ती मांडणी चांगली होती. तिच्यातला फेरपालटीचा नियम सुटला तेथे जमिनी बिघडल्या, आणि बिघडलेली जमीन सुधारायला चर, जिप्सम, सेंद्रिय खत आणि कित्येक वर्षे खर्ची पडतात. या हंगामात हद्द आखून झाली की लगेच गेल्या तीन वर्षांची पिके प्रत्येक पट्ट्यासमोर आठवून लिहा. ज्या पट्ट्यासमोर तीनही वर्षे ऊस आला असेल, तेथे लागवडीआधी एक खड्डा घेऊन पाणी किती खोलीवर लागते ते पाहून घ्या.